आतली लिस्ट प्रायव्हेट, तिच्या मेथड्स मात्र बाहेर हव्यात: अशा वेळी वारसा घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना हे कळेल. तुमच्याकडे जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला 'नोंदमालिका' हा क्लास आहे, म्हणजे डेटा आणि त्यावर चालणारी फंक्शन्स (मेथड्स) एकत्र बांधणारा साचा. एका सेन्सरची मोजमापं वेळेच्या क्रमाने साठवायची आणि त्यांची चालू बेरीज कायम तयार ठेवायची, एवढं त्याचं काम. आत एक प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून न दिसणारी, ॲरेलिस्ट (जावातली तयार यादी) आहे. वापरणाऱ्यांना साइझ, गेट, कंटेन्स, इटरेटर अशा वीसेक मेथड्स हव्यात आणि त्या प्रत्येकीसाठी 'आतल्या लिस्टला विचार, आलेलं उत्तर परत दे' अशी एकेक मेथड लिहून तुम्ही कंटाळला आहात. म्हणून तुम्ही विचारताय की नोंदमालिका सरळ ॲरेलिस्टपासून एक्स्टेंड केली, म्हणजे तिचा वारसा घेतला, तर वीसच्या वीस मेथड्स आयत्या मिळतात. मग तसं का करू नये?

या उदाहरणात करू नका, असंच मी सांगेन. पण 'वारशापेक्षा कंपोझिशन (दुसरं ऑब्जेक्ट मेंबर म्हणून पोटात ठेवणं) बरं' हे वाक्य तुम्ही आधीच दहा ठिकाणी वाचलं असेल आणि त्याने तुमचं समाधान झालेलं नाही हे प्रश्नावरून दिसतंय. ते योग्यच आहे, कारण त्या वाक्यात कारण कुठेच नाही. आणि अशीही ठिकाणं आहेत जिथे आत एक ऑब्जेक्ट प्रायव्हेट ठेवून बाहेरून त्याच्याच प्रकाराचं होणं हाच उत्तम उपाय असतो. त्यांच्याकडे मी पुढे येतो.

मुळात तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गरजा एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, आतल्या लिस्टचा कोड पुन्हा लिहायला लागू नये. दुसरी, बाहेरच्या जगाने नोंदमालिकेला 'ही एक लिस्ट आहे' असं मानावं. पहिली गरज तुमची आहे. दुसरी तुमची आहे की नाही, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. एक्स्टेंड हा शब्द लिहिला की दोन्ही एकदमच मिळतात, एक घेऊन दुसरी नाकारायची सोय जावात नाही. टंकायचा त्रास वाचवण्यासाठी घेतलेल्या वारशाबरोबर एक वचनही द्यावं लागतं: जिथे जिथे लिस्ट चालते तिथे तिथे माझी नोंदमालिका चालेल. हे वचन तुम्हाला पाळता येईल का, एवढंच तपासायचं आहे.

चला, तपासू. तुमच्या क्लासचे दोन नियम आहेत. नोंदी वेळेच्या क्रमानेच असतील आणि चालू बेरीज नेहमी खरी असेल. ॲरेलिस्टचा वारसा घेतलात की वापरणाऱ्याच्या हातात काय काय पडतं ते बघा. हव्या त्या जागी नोंद घुसवता येते, एखादी नोंद बदलता येते, सगळी यादी किमतीनुसार सॉर्ट करता येते, सबलिस्ट घेऊन तिच्यावर क्लिअर चालवलं की मूळ यादीतला तेवढा तुकडा गायब होतो. यातली एकही गोष्ट चूक नाही, लिस्टला हे सगळं करता यायलाच हवं. नोंदमालिकेला मात्र यातलं काहीच परवडणारं नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असतं, 'मग मी ॲड आणि रिमूव्ह ओव्हरराइड करून (वारशाने आलेली मेथड आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून) तिथेच बेरीज सांभाळतो.' मीही एकेकाळी हेच केलं होतं, म्हणून या जागी जरा थांबतो. आमच्या एका प्रकल्पात हिशेबाच्या नोंदींचा असाच क्लास होता, ॲरेलिस्टपासून एक्स्टेंड केलेला. बदल घडवणाऱ्या ज्या ज्या मेथड्स तेव्हा होत्या, त्या सगळ्या आम्ही कसोशीने ओव्हरराइड केल्या होत्या. चाचण्या पास होत होत्या आणि क्लास बरीच वर्षं नीट चालला. तो लिहिला होता जावा ७ वर. पुढे आम्ही जावा ८ वर गेलो. २०१४ सालच्या त्या आवृत्तीत कलेक्शन आणि लिस्ट या इंटरफेसमध्ये (कुठल्या मेथड्स हव्यात हे सांगणाऱ्या करारांमध्ये) नव्या डिफॉल्ट, म्हणजे आयता कोड घेऊन येणाऱ्या, मेथड्स आल्या, रिमूव्ह-इफ, रिप्लेस-ऑल, सॉर्ट वगैरे. ॲरेलिस्टमध्ये रिमूव्ह-इफ थेट आतल्या ॲरेवर काम करते, एकेका नोंदीसाठी रिमूव्हला हाक मारत नाही. एका सहकाऱ्याने रद्द झालेल्या नोंदी काढायला ती वापरली. त्याच्या दृष्टीने ती लिस्टच होती आणि लिस्टची मेथड वापरण्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. नोंदी गेल्या, बेरीज जुनीच राहिली. आमच्या क्लासमधली एकही ओळ बदलली नव्हती, तरी क्लास मोडला होता, आणि कुठलीही एरर न येता. चूक सापडायला आम्हाला काही दिवस लागले, कारण सगळे जण नुकत्याच बदललेल्या कोडमध्ये शोधत होते.

वारशातली खरी जोखीम ही आहे. पालक क्लासच्या आजच्या मेथड्स तुम्ही मोजू शकता, उद्याच्या नाही. आणि हे एकदाच घडलं असंही नाही. २०२३ मध्ये जावा २१ आली तेव्हा लिस्टमध्ये ॲड-फर्स्ट, रिमूव्ह-लास्ट, रिव्हर्स्ड अशा मेथड्सची पुन्हा भर पडली.

ओव्हरराइड करण्यात आणखी एक खाच आहे. पालकातली कुठली मेथड आतून कुठल्या मेथडला बोलावते हे तुम्हाला माहीत असावं लागतं. हॅशसेटची ॲड-ऑल एकेका घटकासाठी ॲडला बोलावते, ॲरेलिस्टची ॲड-ऑल मात्र सगळे घटक एकदम कॉपी करते, ॲडकडे फिरकतच नाही. म्हणजे ॲड आणि ॲड-ऑल या दोन्हींत मोजणी ठेवलीत, तर ॲरेलिस्टच्या वारसात ती बरोबर येईल आणि हॅशसेटच्या वारसात दुप्पट. जो तपशील पालकाने कधीही बदलावा, त्यावर तुमच्या क्लासचा खरेपणा टांगलेला असतो.

मेथड्सकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण सबटाइप, म्हणजे पालकाच्या जागी चालणारा प्रकार, झाल्यावर काही गोष्टी न मागता अंगाला चिकटतात आणि त्या जास्त त्रास देतात. पहिली समानता. जावात दोन लिस्टमध्ये तेच घटक त्याच क्रमाने असतील, तर त्या समान धरल्या जातात, बाकी काही पाहिलं जात नाही. तुमच्या नोंदमालिकेत सेन्सरचा क्रमांकही आहे. दोन वेगळ्या सेन्सरच्या मालिका अजून रिकाम्या असतील, तर समानता तपासणारी इक्वल्स मेथड म्हणेल की त्या एकच आहेत. बरं, तुम्ही इक्वल्स बदलून क्रमांकही तपासायला लावला, तर नोंदमालिका म्हणेल 'मी त्या साध्या लिस्टसारखी नाही' आणि ती साधी लिस्ट म्हणेल 'मी नोंदमालिकेसारखी आहे'. समानता दोन्ही बाजूंनी सारखी असावी हा नियमच तुटला. शिवाय लिस्टचा हॅशकोड (हॅशमॅपमध्ये जागा ठरवणारा आकडा) घटकांवरून ठरतो, म्हणून नोंदमालिका एखाद्या हॅशमॅपची की म्हणून ठेवली आणि नंतर तिच्यात एक नोंद वाढली, तर ती त्या मॅपमध्ये पुन्हा सापडणं कठीण.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकार बघून वागणारा कोड. ऑब्जेक्टचं जेसन (डेटा पाठवायचं मजकुरी रूप) करणाऱ्या लायब्ररीला समोर कलेक्शन दिसलं की ती सहसा त्याचा नुसता ॲरे लिहिते. तुमचा सेन्सर क्रमांक, चालू बेरीज, सगळं वगळलं जातं. यातही त्या लायब्ररीचं काही चुकत नाही. 'मी लिस्ट आहे' असं तुम्ही सांगितलंत, तिने ते खरं मानलं.

हे फक्त तुमच्या-माझ्या कोडमध्ये घडतं असंही नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत अगदी पहिल्या आवृत्तीपासून दोन उदाहरणं बसली आहेत. तिथला स्टॅक हा व्हेक्टरचा वारस आहे, त्यामुळे स्टॅकच्या तळाशीसुद्धा घटक घुसवता येतो. प्रॉपर्टीज हा क्लास हॅशटेबलचा वारस आहे. त्याच्या की आणि व्हॅल्यू स्ट्रिंगच असायला हव्यात, पण वारशाने आलेली पुट कुठलंही ऑब्जेक्ट स्वीकारते. अशी एखादी व्हॅल्यू आत गेली की ती घालताना काहीच होत नाही, नंतर कधीतरी फाइलमध्ये साठवताना क्लास-कास्ट एक्सेप्शन फुटतं. पुट वापरू नका, अशी सूचना अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेली आहे. पण वारसा मागे घेता येत नाही, कारण तो घेतला तर जगभरातला जुना कोड मोडेल. हा मुद्दा माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पब्लिक मेथड नंतर वाढवणं सोपं असतं, पण एकदा दिलेला सबटाइप काढून घेणं जवळपास अशक्य.

आता उलट बाजू. आत तेच ऑब्जेक्ट आणि बाहेरूनही तोच प्रकार, हे शोभून दिसतं ते तेव्हा, जेव्हा तुमचा क्लास आतल्या ऑब्जेक्टचं संपूर्ण वचन स्वतःच्या नावावर घ्यायला तयार असतो आणि त्यात थोडी भर घालतो. जावातला फिल्टर-इनपुट-स्ट्रीम बघा. तो स्वतः इनपुट-स्ट्रीम आहे आणि त्याच्या पोटातही एक इनपुट-स्ट्रीम आहे, त्याच्याकडे तो सगळी कामं सोपवतो. बफर्ड-इनपुट-स्ट्रीम त्याचाच वारस. वापरणाऱ्याला समोर फाइल आहे, नेटवर्क आहे की मध्ये बफर आहे याने फरक पडायला नको, आणि पडतही नाही, कारण 'पुढचा बाइट दे' हे वचन तिघांनाही पाळता येतं. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेली आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्याबरोबर नेमकी केलेली सबटाइपची कसोटी हीच आहे: मूळ प्रकारावर विसंबून लिहिलेल्या प्रोग्रामला त्याच्या जागी सबटाइप आला म्हणून धक्का बसता कामा नये. मेथड्सची नावं जुळली एवढ्याने ती कसोटी पार होत नाही, वागणूक जुळावी लागते.

त्या फिल्टर-इनपुट-स्ट्रीममधला एक बारकावा मला फार आवडतो. पूर्ण ॲरे भरणारी रीड मेथड तिथे आतल्या स्ट्रीमच्या तशाच मेथडकडे जात नाही. ती स्वतःच्याच तीन पॅरामीटरच्या रीडला बोलावते, आणि हे असंच असायला हवं, काही वारस यावर अवलंबून आहेत, असं डॉक्युमेंटेशनमध्ये मुद्दाम नोंदवलेलं आहे. वारशासाठी क्लास खुला ठेवायचा तर आतली ही वायरिंगही जाहीर करावी लागते. ॲरेलिस्टने ती जाहीर केलेली नाही, म्हणून तिच्यावर घर बांधू नये.

आतापर्यंतचं एका वाक्यात सांगायचं तर आतल्या ऑब्जेक्टच्या सगळ्या पब्लिक मेथड्स, आजच्या आणि उद्याच्याही, तुमच्या क्लासवर कुणीही केव्हाही चालवल्या तरी चालणार असतील तर सबटाइप व्हा, एक जरी चालणार नसेल तर होऊ नका.

मग वीस मेथड्सचं काय करायचं? मी आधी त्या मोजतो. 'हव्या आहेत' म्हणून सांगितलेल्या वीस मेथड्सपैकी प्रत्यक्षात किती बोलावल्या जातात हे शोधलं, तर माझ्या अनुभवात पाच-सात निघतात. पाच-सात फॉरवर्ड करणाऱ्या (हाक आतल्या ऑब्जेक्टकडे पुढे पाठवणाऱ्या) मेथड्स लिहिणं हे काही ओझं नाही, आणि चांगले एडिटर त्या मेंबरवरून आपोआप तयार करून देतात. शिवाय लिहिताना नाव सुधारायची संधी मिळते. 'गेट शून्य' यापेक्षा 'पहिली नोंद' हे नाव नोंदमालिकेत कितीतरी बोलकं आहे. मला तर वाटतं, प्रत्येक मेथड हाताने लिहावी लागणं हाच फायदा आहे, कारण दर वेळी 'ही खरंच बाहेर द्यायची का?' हा प्रश्न समोर येतो.

त्यानंतर इंटरफेस. सबटाइप व्हायचंच असेल, तर जितक्या अरुंद प्रकाराचं होता येईल तितकं व्हा. नोंदींवरून लूप फिरवता यावा एवढीच गरज असेल, तर इटरेबल पुरे. त्यात भरावी लागणारी मेथड एकच, इटरेटर. फक्त आतल्या लिस्टचा इटरेटर जसाच्या तसा परत देऊ नका, कारण त्याला रिमूव्ह करता येतं आणि तुम्ही बंद केलेलं दार तिथून पुन्हा उघडतं. न बदलणाऱ्या व्ह्यूचा, म्हणजे तीच यादी फक्त वाचायला देणाऱ्या खिडकीचा, इटरेटर द्या.

कुणाला खरोखरच लिस्ट हवी असते, कारण त्यांच्या फंक्शनचा पॅरामीटरच लिस्ट आहे. अशा वेळी नोंदमालिकेला लिस्ट बनवू नका, नोंदमालिकेला लिस्ट द्यायला सांगा. 'नोंदी' नावाची एक मेथड, जी आतल्या लिस्टचा न बदलणारा व्ह्यू परत देते. 'असणं' आणि 'देता येणं' यातला हा फरक दिसायला लहान आहे, पण वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी त्याने सुटतात. समानतेचा घोळ नाही, जेसनचा घोळ नाही, बेरीज सुरक्षित. इथे एक गोष्ट मात्र परिस्थितीवर ठरते: व्ह्यू द्यायचा की कॉपी? व्ह्यू स्वस्त असतो, पण जिवंत असतो. कुणी त्यावरून लूप फिरवत असताना तुम्ही नोंद वाढवलीत, तर कॉन्करंट-मॉडिफिकेशन एक्सेप्शन येऊ शकतं. यादी लहान असेल किंवा अनेक थ्रेड (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धारा) असतील तर मी कॉपी देतो, आणि तीही लॉक घेऊनच करतो. यादी मोठी आणि थ्रेड एकच असेल तर व्ह्यू.

सगळा इंटरफेस फॉरवर्ड करायचा असेल, तर एका चुकीपासून जपा. ती कोड रिव्ह्यूमध्येही सहज निसटते. आतल्या ऑब्जेक्टची एखादी मेथड स्वतःलाच, म्हणजे 'धिस', परत देत असेल आणि तुम्ही ते उत्तर तसंच पुढे पाठवलंत, तर वापरणाऱ्याच्या हातात तुमचं प्रायव्हेट ऑब्जेक्टच येतं. एकापुढे एक मेथड जोडत जाणाऱ्या बिल्डरच्या धाटणीच्या क्लासमध्ये हे हटकून होतं. पहिली हाक तुमच्या क्लासला जाते, दुसरीपासून सगळ्या थेट आतल्या ऑब्जेक्टला. तीच गोष्ट लिसनरची, म्हणजे काही घडलं की कळवा म्हणून नोंदवलेल्या ऑब्जेक्टची. आतल्या ऑब्जेक्टने स्वतःला कुठे नोंदवलं असेल, तर सूचना त्यालाच येतील, तुमच्या क्लासला पत्ताही लागणार नाही. आतलं ऑब्जेक्ट बाहेरच्याला ओळखत नाही. फॉरवर्डिंगची ही मूळ मर्यादा आहे आणि फॉरवर्डिंग हाताने केलं की भाषेने करून दिलं, याने त्यात फरक पडत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की इतर भाषांत याला काही सोय आहे का. आहे, आणि त्या सोयी बघितल्या की प्रश्न जास्त नीट कळतो. सी प्लस प्लसमध्ये प्रायव्हेट वारसा घेता येतो. बाहेरच्यांना तो वारसा दिसत नाही, त्यामुळे ते तुमच्या ऑब्जेक्टला पालकाच्या पॉइंटरमध्ये आपोआप बदलू शकत नाहीत, आणि 'युझिंग' लिहून तुम्ही निवडक मेथड्स तेवढ्या उघड करता. म्हणजे तुमच्या दोन गरजा तिथे वेगळ्या करता येतात. तरी तिथेही मी साधा मेंबरच ठेवतो. त्या भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतला स्टॅकसुद्धा आपला कंटेनर वारशाने न घेता मेंबर म्हणून पोटात ठेवतो आणि त्यातल्या मोजक्या मेथड्सच बाहेर देतो.

कॉटलिनमध्ये 'बाय' लिहिलं की दिलेल्या इंटरफेसच्या सगळ्या मेथड्स कंपायलर आतल्या ऑब्जेक्टकडे वळवतो. टंकायचा त्रास शून्य, आणि हे क्लाससाठी चालत नाही, फक्त इंटरफेससाठी, हे चांगलंच आहे. पण तुम्ही बाहेर ॲड ओव्हरराइड केली आणि आतल्या ऑब्जेक्टची ॲड-ऑल स्वतःच्याच ॲडला बोलावत असेल, तरी तुमची ॲड चालणार नाही. गो भाषेत स्ट्रक्टमध्ये दुसरा प्रकार एम्बेड केला की त्याच्या मेथड्स आपसूक वर येतात, पण तो सबटाइप होत नाही, आणि मेथडचा रिसीव्हर (ज्यावर ती चालते ते ऑब्जेक्ट) आतलाच राहतो. तिथली नेहमीची चूक म्हणजे सोय म्हणून म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) एम्बेड करणं: लॉक आणि अनलॉक तुमच्या प्रकाराच्या पब्लिक मेथड्स होऊन बसतात आणि कुणीही बाहेरून तुमचं कुलूप लावू शकतं. स्काला ३ मधलं 'एक्स्पोर्ट' मला या सगळ्यांत नेमकं वाटतं. प्रायव्हेट मेंबरच्या नाव घेऊन निवडलेल्या मेथड्स बाहेर, प्रकाराचं वचन नाही. पायथनमध्ये 'गेट-ॲटर' ही विशेष मेथड लिहून न सापडलेली प्रत्येक हाक आत पाठवता येते, पण 'लेन' सारखी अंगभूत फंक्शन्स क्लासवर बघतात, ऑब्जेक्टवर नाही, म्हणून ती वेगळी लिहावी लागतात.

तुमच्या नोंदमालिकेकडे परत येतो. तुम्ही लिहिलंय की एका शाखेत एक्स्टेंड करून बघितलंय आणि काही ठिकाणी ते वापरातही आलंय. मग असं करा. ॲरेलिस्ट पुन्हा प्रायव्हेट मेंबर करा, एक्स्टेंड काढून टाका, आणि एकही फॉरवर्ड मेथड न लिहिता कंपाइल करा. ज्या ज्या एरर येतील ती यादी म्हणजे तुमच्या क्लासकडून लोकांना खरोखर काय हवंय त्याचा हिशेब. 'ही मेथड नाही' अशी एरर असेल तिथे मेथड द्यायची की नाही हे ठरवा. 'इथे लिस्ट अपेक्षित आहे' अशी असेल तिथे 'नोंदी' मेथड वापरा. बाहेरून सॉर्ट किंवा सेट बोलावणारी एखादी ओळ सापडली, तर तिला आधी थांबवा, ती बहुधा आजच बेरीज किंवा क्रम बिघडवत असेल. कंपायलरला न दिसणाऱ्या दोन जागा मात्र स्वतः तपासा: जिथे चालू प्रोग्राममध्ये 'हे कलेक्शन आहे का' असं विचारलं जातं त्या, आणि जेसन. बदलाआधीचं एक जेसन बाजूला काढून ठेवा आणि बदलानंतरच्याशी ताडून बघा. आधी नुसता ॲरे जात होता, आता पूर्ण ऑब्जेक्ट जाईल, आणि ते वाचणाऱ्याला हे आधी कळवावं लागेल.